साथीच्या नकाशात अख्खा देश लाल रंगवू नका

मराठी वृत्तवाहिन्या, दैनिके आणि संकेतस्थळांचे संपादक व ग्राफिक विभाग यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

परदेशात कुठे साथ जाहीर झाली, की तासाभरात तुमच्या पडद्यावर जगाचा नकाशा झळकतो. रुग्ण सापडलेले देश लालभडक, शेजारचे केशरी, उरलेलं जग करडं. अँकरच्या मागे तो दिवसभर राहतो, दुसऱ्या दिवशी दैनिकात छापून येतो आणि तिसऱ्या दिवशी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो, खालची तारीख कापून. हे पत्र त्या नकाशाबद्दल आहे. माझं मागणं एवढंच, की साथीच्या नकाशात अख्खा देश एका रंगात भरणं बंद करा. साथ देशभर सारखी पसरलेली नसते. ती काही तालुक्यांत, काही वस्त्यांत, एखाद्या रस्त्याच्या कडेने असते. ती जिथे असेल तिथेच दाखवली पाहिजे.

मी पुण्यात नकाशांचं काम करते. पाण्याच्या पाइपलाइन, मिळकतींचं सर्वेक्षण, रस्त्यांची रुंदी, असले नकाशे हा माझा रोजचा धंदा. साथींच्या नकाशांशी माझा संबंध आला तो २०१४ साली, पश्चिम आफ्रिकेतल्या एबोलामुळे. तिथे काम करणाऱ्या वैद्यकीय पथकांकडे गावांचे नकाशेच नव्हते. म्हणून ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या खुल्या नकाशावर काम करणाऱ्या जगभरच्या स्वयंसेवकांना हाक गेली, की उपग्रहाची छायाचित्रं बघून गिनीतली घरं आणि रस्ते काढून द्या. हजारो लोकांनी आपापल्या घरी बसून ते काम केलं, त्यांतली मी एक. रात्री जेवणं उरकली की मी लॅपटॉप उघडून बसायची. हिरव्यागार जंगलाच्या चित्रात तांबूस मातीची पायवाट शोधायची, तिच्या टोकाला पत्र्याची चौकोनी छपरं आणि गवताने शाकारलेली गोल घरं दिसली की एकेका घराची कड रेखायची. छपरं दिसायची, गावाचं नाव मात्र वरून दिसत नाही. ते तिथे पायी फिरणाऱ्या माणसाने विचारूनच भरायचं.

आणि सगळी अडचण त्या नावांचीच होती. रुग्णाच्या संपर्कात कोण कोण आलं हे शोधणाऱ्या माणसाला रुग्ण गावाचं नाव सांगतो. ते नाव कागदावर तीन जण तीन तऱ्हांनी लिहितात, आणि त्या परिसरात एकाच नावाची गावं दोन-तीन निघतात. चुकीच्या गावात गाडी गेली की एक दिवस वाया. एबोलात विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत २ ते २१ दिवस जातात. रुग्णाला हात लावलेल्या माणसाला आजारी पडायच्या आत गाठायचं, तर त्यातला एक दिवस फार मोठा असतो.

आता तो भाग नकाशावर काढून बघा. गिनी देशाच्या दक्षिण टोकाला जंगलाचा प्रदेश आहे, तिथे गेकेडू नावाचं शहर. त्याच्याजवळच्या मेलियांदू गावात डिसेंबर २०१३ मध्ये एक लहान मुलगा आजारी पडून दगावला. साथीची सुरुवात त्याच्यापासून झाली, असं पुढच्या तपासात दिसून आलं. हा एबोला आहे हे जगाला कळलं २३ मार्च २०१४ रोजी, तीन महिन्यांनी. तोवर विषाणू कुठल्या वाटांनी फिरत होता? गेकेडूपासून थोडं पुढे गेलं की गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या तिन्ही देशांच्या सीमा एका ठिकाणी भेटतात. तिन्हींकडे किसी भाषा बोलणारे लोक राहतात. सोयरीक नदीपलीकडची, बाजार अलीकडचा. गेकेडूच्या आठवडी बाजाराला तिन्ही देशांतून माणसं येतात, लाकडी होडीतून माकोना नदी ओलांडून, मोटारसायकलवर मागे बसून. फ्रेंच आणि ब्रिटिश अंमलदारांनी नकाशावर रेघा ओढल्या म्हणून ही येजा थांबली नव्हती. मार्च संपता संपता लायबेरियाच्या लोफा प्रांतात रुग्ण निघाले. मे महिन्यात सिएरा लिओनच्या कैलाहून जिल्ह्यात. तिथल्या एका नावाजलेल्या वैदू बाईंकडे गिनीतले आजारी लोक औषधाला येत असत, त्यातच त्या गेल्या. त्यांच्या अंत्यविधीला दूरदूरच्या गावांतून बायामाणसं आली, आणि तिथून रोग घेऊन आपापल्या घरी परतली.

हे सगळं डॉक्टरांनी आणि शास्त्रज्ञांनी जीव धोक्यात घालून शोधून काढलं. सिएरा लिओनमधल्या ७८ रुग्णांच्या नमुन्यांतून विषाणूचे ९९ जनुकीय आराखडे तयार झाले आणि ऑगस्ट २०१४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. विषाणू कुठून कुठे गेला याची वंशावळच त्यातून हाती आली. तो शोधनिबंध छापून येईपर्यंत त्याच्या लेखकांपैकी पाच जण एबोलाने गेले होते. केनेमाच्या सरकारी रुग्णालयातले डॉ. शेख उमर खान त्यांतले एक. ही माणसं गाव, घर, अंत्यविधी इथपर्यंत साथीचा माग काढत होती, आणि जगभरच्या पडद्यांवर मात्र तीन देश सपाट लाल रंगवलेले होते.

तीन देशांवर थांबलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये काँगो लोकशाही प्रजासत्ताकातही एबोलाची साथ निघाली. तिचा पश्चिम आफ्रिकेतल्या साथीशी काहीही संबंध नव्हता. तो विषाणू वेगळा आलेला होता, ६६ रुग्णांवर ती साथ आटोपली. नकाशात काँगोही त्याच लाल रंगात गेला, आणि काँगो हा महाराष्ट्राच्या सात पटींहून मोठा देश. बघणाऱ्याला वाटलं, रोग आफ्रिकेच्या मध्यापर्यंत पोचला. नायजेरियाचंही तसंच. २० जुलैला एक आजारी प्रवासी विमानाने लागोसला उतरला. तिथल्या डॉ. अमेयो आदादेवोह यांनी त्याला रुग्णालयाबाहेर जाऊ दिलं नाही, दबाव आला तरी. त्या स्वतः त्यात गेल्या. नायजेरियात एकूण २० रुग्ण झाले, सगळे दोन शहरांत, आणि २० ऑक्टोबरला देश एबोलामुक्त जाहीर झाला. नायजेरियाचं क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या तिप्पट आहे. दोन शहरांतले २० रुग्ण दाखवायला तेवढी जमीन लाल केली गेली, आणि हजारो रुग्णांच्या लायबेरियाला रंग तोच.

परिणाम काय झाला? केनिया आणि टांझानियात एकही रुग्ण नव्हता, तरी सफारीची बुकिंगं रद्द झाली. लायबेरियाची राजधानी मन्रोव्हियापासून केनियाची नैरोबी जितकी लांब आहे, त्यापेक्षा स्पेनचं माद्रिद जवळ आहे. माद्रिदमध्ये तर एका परिचारिकेला लागणही झाली होती, तरी स्पेनची सहल कुणी रद्द केल्याचं मी ऐकलं नाही. मोरोक्कोने २०१५ ची आफ्रिकी फुटबॉल स्पर्धा भरवायला नकार दिला. आफ्रिका म्हटल्यावर एकच रंग डोळ्यांपुढे येतो, तो अशा नकाशांनीच भरलेला असतो.

हे तुम्हाला दूरचं वाटत असेल तर १९९४ आठवा. तुमच्यातल्या ज्येष्ठांनी त्या बातम्या स्वतः लिहिल्या असतील. किल्लारीच्या भूकंपाला वर्ष होत आलेलं. बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण निघाले. सप्टेंबरमध्ये सुरतेत फुफ्फुसाचा प्लेग आला आणि लाखो लोक शहर सोडून निघाले. सुरतेच्या कापड गिरण्यांत खानदेशातली किती माणसं कामाला होती, हे धुळे, नंदुरबार, जळगावकरांना वेगळं सांगायला नको. सुरत–भुसावळ मार्गावरच्या गाड्या त्या दिवसांत खचाखच भरून येत होत्या. बीड आणि सुरत यांच्यात सरळ रेषेत चारशेच्या आसपास किलोमीटर आहेत. सगळ्या प्रकरणात पन्नासच्या वर माणसं दगावली. पण जगाने काय पाहिलं? जगाने भारत पाहिला, अख्खा. आखाती देशांसह अनेकांनी भारतातली विमानं बंद केली, भारतातून आलेल्या प्रवाशांना विमानतळांवर वेगळं काढलं, भारतातला माल बंदरात अडवला. कोलकात्याहून किंवा त्रिवेंद्रमहून निघालेला माणूससुद्धा प्लेगच्या देशातला ठरला. जागतिक आरोग्य संघटनेने अशी बंधनं घालायला सांगितलेलं नव्हतं. देशाचं नुकसान शेकडो कोटी डॉलरच्या घरात गेलं असे अंदाज निघाले.

आणि हे काही पहिल्यांदा घडलं नव्हतं. १८९६ साली मुंबईच्या मांडवीत मूळ गोव्याच्या डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, तो हाँगकाँगच्या वाटेने बंदरात उतरला असावा असं मानलं जातं. पुढच्याच वर्षी युरोपातल्या सत्ता व्हेनिसला जमल्या आणि हिंदुस्थानातून निघणाऱ्या जहाजांवर आणि हाजींवर काय बंधनं घालायची, याचा खल झाला. वास्तविक प्लेग जहाजांच्या मार्गाने, एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जात होता. पोर्तो, सिडनी, सॅन फ्रान्सिस्को, केप टाउन अशी बंदरं १८९९ ते १९०१ या काळात त्याने गाठली. तेव्हाचा खरा नकाशा काढायचा तर देश कोरे ठेवून समुद्रातले जलमार्ग ठळक करावे लागले असते.

आपल्या दाराशीही असाच भाग आहे. माकडताप कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यात १९५७ साली प्रथम ओळखला गेला. पुढे अनेक वर्षांनी तो सह्याद्रीच्या कडेकडेने गोव्यात सत्तरीला आणि आमच्या सिंधुदुर्गात दोडामार्गला आला. तिन्ही राज्यांतलं जंगल एकच, रोग पसरवणारी गोचीड तीच, आणि काजूच्या हंगामात बागांत राबायला जाणारी माणसंही इकडून तिकडे जाणारी. हा रोग दाखवायला तुम्ही महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटक ही राज्यं रंगवलीत, तर गोंदियाचा माणूस घाबरेल आणि दोडामार्गच्या बागायतदाराला काहीच कळणार नाही. दोडामार्ग, सत्तरी आणि खानापूर हे तालुके एका चौकटीत काढून मधलं जंगल दाखवलंत, तर तोच नकाशा तिथल्या माणसाच्या कामाला येईल. गेकेडू, लोफा आणि कैलाहूनचं गणित हुबेहूब हेच आहे.

देशांच्या सीमांना काहीच अर्थ नसतो, असं मात्र मी म्हणत नाही. एबोला साथीतल्या १,६१० विषाणूंच्या आराखड्यांचा मोठा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं, की विषाणू एका देशातल्या एका जिल्ह्यातून त्याच देशाच्या दुसऱ्या जिल्ह्यात जास्त वेळा गेला, सीमा ओलांडून कमी वेळा. मोठी वस्ती आणि कमी अंतर जिथे होतं तिथे तो चटकन पोचला. सीमा हा त्यातला एक घटक ठरला. पण हे कळलं ते जिल्ह्यांचा नकाशा होता म्हणून. देशांचाच नकाशा असता तर सीमेने अडवलं की नाही, हा प्रश्नच विचारता आला नसता.

आता दुसरी गोष्ट, जी मला पहिल्याइतकीच महत्त्वाची वाटते. तुमच्या नकाशातला कोरा भाग. रंग नाही म्हणजे रोग नाही, असं सामान्य वाचक धरून चालतो, आणि त्यात त्याची चूक नाही. कोविडच्या काळात टांझानियाने एप्रिल २०२० च्या अखेरीस आकडे देणं थांबवलं. ५०९ रुग्ण, २१ मृत्यू, बस. त्यानंतर वर्षभराहून अधिक काळ जगाच्या नकाशात टांझानिया फिकट, जवळजवळ स्वच्छ दिसत राहिला, आणि भरपूर चाचण्या करून रोज आकडे देणारे देश गडद होत गेले. लायबेरियातही २०१४ च्या सप्टेंबरमध्ये अशी वेळ आली होती की उपचार केंद्रांच्या फाटकावरून रुग्ण परत पाठवावे लागत होते. खाटा नव्हत्या. परत गेलेला माणूस घरीच मेला, तर तो आकड्यात येणार कसा? अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने त्या वेळी अंदाज बांधताना, नोंदलेल्या प्रत्येक रुग्णामागे प्रत्यक्षात अडीच असावेत, असं धरलं होतं. रंग नेहमी नोंदीचा असतो. जिथून नोंद येत नाही त्या भागाला तिरप्या रेषा मारा आणि सूचीत स्पष्ट लिहा, ‘माहिती उपलब्ध नाही’. पांढरा रंग फक्त तिथे ठेवा, जिथे शोधूनही रुग्ण सापडलेला नाही.

वर्तुळांचंही बोलते, कारण देश रंगवायचा नाही म्हटलं की लगेच प्रत्येक देशावर एक वर्तुळ टाकलं जातं. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने २२ जानेवारी २०२० पासून चालवलेला काळ्या पार्श्वभूमीवरच्या लाल वर्तुळांचा नकाशा तुम्ही सगळ्यांनी वापरलात, मीही रोज बघत होते. लॉरेन गार्डनर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तो उभा केला आणि १० मार्च २०२३ पर्यंत सांभाळला, ही फार मोठी सार्वजनिक सेवा झाली. पण देशाचा एकच आकडा असला की वर्तुळ देशाच्या मध्याजवळ ठेवावं लागतं. भारताचा मध्य त्यांच्या आकडेवारीत विदर्भात पडायचा. फेब्रुवारी २०२० मध्ये देशात तीनच रुग्ण होते, तिघेही केरळात, त्रिशूर, आलप्पुळा आणि कासरगोड इथे. जगाच्या नकाशावर मात्र भारताचा ठिपका वर्धा–अमरावतीच्या बाजूला. नकाशा मोठा करून कुणी विदर्भावर आला असता तर त्याने काय समजायचं? मूळ आकडेवारी देणाऱ्यांना दुसरा इलाज नव्हता. तुम्हाला होता. तिघे कुठल्या जिल्ह्यात आहेत हे तुमच्याच वार्ताहरांना ठाऊक होतं.

काँगोमधलंच आणखी एक उदाहरण देते, कारण ते सगळ्यांत स्वच्छ आहे. ऑगस्ट २०१८ ते जून २०२० या काळात काँगोच्या पूर्व टोकाला एबोलाची मोठी साथ होती. ३,४७० रुग्ण, २,२८७ मृत्यू. बेनी, बुटेंबो ही त्यातली मुख्य शहरं. राजधानी किन्शासा तिथून दीड हजार किलोमीटरहून लांब, मधे घनदाट जंगल, सलग रस्ता नाही. गोमा शहर मात्र रवांडाच्या गिसेन्यी शहराला इतकं चिकटून आहे, की मधलं फाटक ओलांडून रोज हजारो माणसं भाजीपाला, दूध, पीठ घेऊन येजा करतात. जुलै २०१९ मध्ये गोम्यात पहिला रुग्ण सापडला आणि तीन दिवसांत जागतिक आणीबाणी जाहीर झाली. का, ते फक्त त्या फाटकाचा नकाशा पाहून समजतं. देश रंगवलेल्या नकाशात किन्शासा लाल होती, गिसेन्यी कोरी, आणि फाटकाचा पत्ताच नव्हता.

जो देश रोग लवकर सांगतो त्याला आपण रंग फासतो, हे याहून गंभीर आहे. सुरतेनंतर, १९९५ साली, जागतिक आरोग्य सभेने आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम बदलायला घेतले. व्यापार आणि प्रवास बंद होण्याच्या भीतीने देश साथी लपवतात, ही त्यामागची एक मोठी चिंता होती. नवे नियम २००५ मध्ये मंजूर झाले. तरी नोव्हेंबर २०२१ मध्ये काय घडलं? दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी ओमिक्रॉन हुडकला आणि तत्काळ जगाला कळवला. बदल्यात त्यांच्या देशाची आणि आजूबाजूच्या देशांची विमानं बंद झाली, आणि आफ्रिकेचं दक्षिण टोक नकाशांत लाल झालं. त्याच वर्षाच्या सुरुवातीला अमरावती आणि विदर्भात वाढलेल्या विषाणूला जग ‘इंडियन व्हेरिएंट’ म्हणत होतं, तेव्हा आपल्याला ते किती झोंबलं होतं. ३१ मे २०२१ ला त्याचं नाव डेल्टा ठेवलं गेलं तेव्हा तुमच्यापैकी अनेकांनी समाधानाने बातमी केली. मग आफ्रिकेतल्या लोकांना काय वाटत असेल, याचा विचार आपण करायला नको का?

तुमची बाजू मला समजते. बातमी चार वाजता येते, बुलेटिन पाचला असतं. ग्राफिकवाल्याच्या कॉम्प्युटरवर जगाचा तयार टेम्प्लेट असतो, देशावर क्लिक केलं की रंग भरतो. पण जिल्ह्यांच्या आणि प्रांतांच्या सीमांच्या फाइली आता जवळजवळ सगळ्या देशांच्या फुकट मिळतात, संयुक्त राष्ट्रांच्या मानवतावादी मदत विभागाच्या खुल्या संग्रहात त्या ठेवलेल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटना साथीची जी सूचना काढते, त्यात बहुतेक वेळा प्रांत आणि जिल्ह्याचं नाव असतं. आपल्याकडच्या साथींचा जिल्हावार साप्ताहिक अहवाल एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमातून निघतो. तो पीडीएफमध्ये असतो, आकडे हाताने उतरवावे लागतात, हे खरं. ती तक्रार सरकारकडे तुम्ही आणि आम्ही मिळून करू. आणि एक बघा: भारताची बाह्यरेषा काढताना तुम्ही डोळ्यांत तेल घालून काढता. ती चुकली तर गुन्हा दाखल होऊ शकतो हे प्रत्येक डेस्कला ठाऊक आहे. म्हणजे नकाशा काळजीपूर्वक काढायची सवय तुमच्याकडे आहेच. कोविडमध्ये कित्येक मराठी दैनिकांनी रोज जिल्हावार, शहरांत तर प्रभागवार नकाशे छापले, आणि लोकांनी ते फ्रिजवर चिकटवले. स्वतःच्या राज्यासाठी जे केलंत, ते गिनी-काँगोसाठीही करा.

म्हणून पुढच्या वेळी साथीची बातमी आली, की जगाचा नकाशा एका कोपऱ्यात लहान ठेवा, फक्त ही जागा पृथ्वीवर कुठे आहे ते दाखवण्यापुरता. मोठी चौकट त्या प्रांताची करा, शेजारच्या देशांचे लागून असलेले जिल्हेही त्यात येऊ द्या. रस्ते, नदी, बाजाराचं गाव, विमानतळ दाखवा. आकडा एकूण रुग्णांचा आहे, की मागच्या तीन आठवड्यांतल्या नव्या रुग्णांचा, ते लिहा. साथ ओसरल्यावरही एकूण आकडा वाढलेलाच दिसतो, आणि बरा झालेला जिल्हा उगीच गडद राहतो. लोकसंख्येच्या प्रमाणात रंग द्यायचा तर तसं सांगा. तारीख नकाशाच्या आत टाका, खालच्या पट्टीत नको, म्हणजे कापली जाणार नाही. संशयित आणि चाचणीत सिद्ध झालेले रुग्ण एका रंगात मिसळू नका. विमानाने आलेला एकटादुकटा रुग्ण आणि गावात पसरलेली लागण यांना वेगळी खूण द्या. नायजेरिया आणि लायबेरियातला फरक तेवढ्यानेच कळला असता. आणि साथ संपली की संपल्याचा नकाशाही तेवढ्याच जागेत छापा. नायजेरिया एबोलामुक्त झाल्याचा नकाशा मी एकाही मराठी पडद्यावर पाहिला नाही.

हे सगळं रोजच्या धावपळीत जमावं म्हणून आधी तयारी करून ठेवता येते. आफ्रिका, पश्चिम आशिया, आग्नेय आशिया आणि आपली शेजारी राष्ट्रं यांचे जिल्हा पातळीचे टेम्प्लेट एकदा बनवले, की पाच मिनिटांत रंग भरता येतात. आखातात आणि आफ्रिकेत नोकरी-धंद्याला गेलेली मराठी माणसं हजारोंनी आहेत. त्यांच्या घरचे तुमचा नकाशा पाहूनच फोन लावतात. मुलगा केनियातल्या मोंबासात आहे आणि साथ पूर्व काँगोतल्या किवूत, एवढं त्यांना एका नजरेत कळलं पाहिजे.

पुण्यात आणि मुंबईत माझ्यासारखे नकाशे करणारे, ओपनस्ट्रीटमॅपवर काम करणारे बरेच जण आहेत. तुमच्या ग्राफिक विभागाला हे टेम्प्लेट आम्ही विनामूल्य बनवून देऊ आणि ते वापरायला शिकवू. शनिवारी-रविवारी आम्ही तुमच्या कार्यालयात येऊ शकतो. फक्त ज्या लॅपटॉपवर तुमचे नकाशे बनतात तो आणि ते बनवणारी व्यक्ती, दोन्ही त्या दिवशी जागेवर असू द्या.

आपली,
पुण्यातली एक नकाशाकार